तळ्यात साल्विनिया कुणी आणलं

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यामुळे गावात नवा किडा दिसो की नवं झुडूप, लोक ते माझ्याकडंच घेऊन यायचे, आणि ‘माहीत नाही’ म्हणायची सवय मला कधीच नव्हती. त्यात दोन हजार सालानंतर मुरगूडजवळच्या आमच्या गावात पहिला डिजिटल कॅमेरा माझ्याच घरी आला. मग काय, तोरा विचारू नका.

एका उन्हाळ्यात गावतळ्याचं पाणीच दिसेनासं झालं. बारीक बारीक पानांचा थर इतका गच्च की काठी घातली तर ती तशीच उभी राहायची. तळ्यात मासे पाळायचा ठेका एका वयस्कर मामांकडं होता. मासे मरायला लागले. मामांनी परगावाहून मत्स्यबीज आणलं, त्यातनंच ही ब्याद आली, असं गावानं ठरवून टाकलं. एक मेच्या ग्रामसभेत ठेका काढून घेणार, असं सरपंच उघड बोलत होते. मामांचं सगळं घर त्या तळ्यावर चालायचं.

मी फोटो काढले आणि रविवारी कोल्हापूर गाठलं. तिथल्या सायबर कॅफेतनं ते वनस्पती ओळखणाऱ्या जाणकारांच्या ईमेल गटावर टाकले. एक फोटो जाईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. उत्तर आलं, पानावरच्या केसांचा जवळून फोटो पाठवा. पाठवला. केसांची टोकं वर एकत्र जुळलेली होती, म्हणजे हे साल्विनिया, परदेशातनं आलेलं, पाण्यावर तरंगणारं नेचं. त्यांच्या साइटवर नोंदीचा फॉर्म होता. ‘कुठून आलं असावं’ या रकान्यात मी बेधडक ‘मत्स्यबीजातून’ असं लिहिलं आणि गावात येऊन सरपंचांनाही तेच सांगितलं. आता तर शास्त्रानंच सांगितलं म्हणून ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी मामा शाळेच्या फाटकाशी उभे होते.

‘‘बाई, बीज म्या चाळून सोडतो. तुमच्या त्या कंप्युटरला परत एकदा इचारा की.’’

शास्त्र कुणाची बाजू घेत नाही, असं सुनावून मी वर्गावर गेले.

पुढच्या रविवारी गटावर प्रश्न आला होता, हे पहिल्यांदा कधी दिसलं, जुने फोटो आहेत का? घरच्या फोटोंची सीडी पर्समध्ये होतीच. कॅफेत बसून तळ्याचे फोटो शोधत मागं मागं गेले आणि गेल्या भादव्यातल्या गणपतीपाशी थांबले. आमचाच गणपती, पुढं पितळी घंगाळ, घंगाळात पाणी, आणि पाण्यावर तीच पानं. फोटो मोठा करून बघितला. तेच केस. आरास उठून दिसावी म्हणून फिशटँकच्या दुकानातनं मीच आणलेली पानं ती. गौरी-गणपती विसर्जनाला बाकीच्या निर्माल्याबरोबर मीच ती तळ्यात सोडली होती. देवापुढचं उकिरड्यावर कसं टाकायचं?

लाज वाटली, सरळ सांगते. एक बटण दाबलं असतं तर फोटो बंद झाला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण मामांचा चेहरा डोळ्यांपुढनं हलेना. मी गटाला लिहून आधीची नोंद दुरुस्त करायला सांगितली आणि फोटोची प्रिंट काढून घेतली.

ग्रामसभेत ठेक्याचा विषय निघाला तशी मी उठले. प्रिंट सरपंचांपुढं ठेवली.

‘‘हे माझ्या घरच्या आराशीतनं तळ्यात गेलं. मामांचा ह्यात काडीचा संबंध नाही.’’

मागनं हसू फुटलं. हसले तर हसले. ठेका मामांकडंच राहिला. सगळा मे महिना गाव जाळी लावून ते नेचं ओढत होतं आणि रोज संध्याकाळी मी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी असायचे. मामा माझ्याशी अक्षर बोलले नाहीत.

भादव्यात विसर्जनाला आम्ही तळ्यावर गेलो. मामा पायरीवरच बसले होते. पुढच्या बायकांना त्यांनी तसंच जाऊ दिलं आणि माझ्यापुढं हात आडवा धरला.

‘‘बाई, टोपली दावा आदी.’’

मी टोपली खाली ठेवली. त्यांनी दुर्वा, आघाडा, तेरडा एकेक करून बाहेर काढलं, प्रत्येक पानावर अंगठा फिरवून केस आहेत का ते बघितलं, आणि मगच मला खाली उतरू दिलं.