उलटा वारा

शुक्रवारी सकाळी फिंतासच्या समुद्रावर मराठी मंडळी जमली की पाण्यात सगळ्यांच्या आधी प्रभा मयेकर, आणि बाहेर सगळ्यांत शेवटीही त्याच. वय सत्तावन्न, कुवेतच्या इस्पितळात नर्स, माहेर गुहागरचं. "आम्हाला समुद्र काय शिकवता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या शुक्रवारी त्यांनी पहिल्यांदाच वल्हवायची फळी भाड्याने घेतली. फळीवाला काशिफ अडून बसला. "जॅकेट नहीं, तो बोर्ड नहीं, बाजी. और ये सीटी गले में."

"अरे, मी कोकणातली!"

"मैं लाहोर का. फिर भी पहनता हूँ."

लेक रसिका हसून वाळूत लोळली. प्रभाताईंनी फणकाऱ्याने जॅकेट चढवलं.

पाणी ताटात वाढल्यासारखं शांत. थोडं वल्हवून त्या फळीवर ऐसपैस बसल्या आणि डोळे मिटून ऊन खाऊ लागल्या. फळी सरकतेय, सरकू दे. गुहागरला वारा समुद्रावरून येतो. पाण्यात गेलेली चप्पलसुद्धा संध्याकाळी काठाला लागते.

डोळे उघडले तेव्हा किनाऱ्यावरच्या उंच इमारती काडेपेट्यांएवढ्या झाल्या होत्या.

इथला वारा वाळवंटातून येतो आणि समुद्रात जातो. म्हणून तर काठाशी पाणी शांत! इतक्या वर्षांत हे कळलं नव्हतं, कारण पोहणाऱ्याला वारा लागतोच किती? फळीवर बसलेल्या बाईचं मात्र शीड होतं.

त्या वल्हवू लागल्या. दंड भरून आले, किनारा होता तिथेच. फळी सोडून पोहत जावं? पण "तो चांगला पोहायचा हो," असं रडत सांगणारे नातेवाईक त्यांनी इस्पितळात पाहिले होते. त्या फळीवर पालथ्या पडल्या, घट्ट धरून.

शिट्टी हाताशी होती, पण ती वाजवायची लाज वाटत होती! जन्मभर दुसऱ्यांच्या बेलला धावलेली ही बाई, स्वतः कधी बेल दाबली नव्हती. सगळं मंडळ बघेल. आता वारा पडेल, मग जाऊ, असं म्हणता म्हणता इमारती आणखी बुटक्या झाल्या. शेवटी डोळे मिटून त्यांनी शिट्टी फुंकली आणि मग थांबल्याच नाहीत.

काशिफ जेट स्कीवरून आला. काठाला आणल्यावर एवढंच विचारलं, "चाय पियेंगी, बाजी?"

रसिकाने टॉवेल गुंडाळला. "मम्मी, वेअर यू स्केअर्ड?"

"घाबरले थोडी. लाजले जास्त. अर्धा तास लाजण्यातच गेला बघ."

पुढच्या शुक्रवारी कुवेतच्याच खैतान भागात राहणारा, मंडळीत नवाच आलेला आशय हवा भरलेली भलीमोठी मगर घेऊन पाण्याकडे निघाला. प्रभाताई आडव्या आल्या. गळ्यात शिट्टी होतीच.

"काकू, मी मालवणचा!"

"तू असशील रे. ही मगर नाही," असं म्हणून त्यांनी जॅकेट पुढे धरलं.