दोन, चार, सहा

रोह्याला लागून वरसे गावात माझं घर, आणि तिथून चढावर असलेल्या आदिवासीवाडीत माझी अंगणवाडी. पोरं मला बाई म्हणतात, त्यांच्या आयाही बाईच म्हणतात, आणि माझा आवाज चढला की दारातली कुत्रीसुद्धा उठून लांब जाऊन बसतात. प्रशिक्षणाला गेलं की तिथे रंगीत मणी, लाकडी ठोकळे, चित्रांचे तक्ते मांडलेले असतात. आमच्यापर्यंत येईतो ते कुठे गळतात देव जाणे. मागून मागून थकले आणि शेवटी चिंचोके घेतले. चिंचोके, करवंट्या, आणि पेणच्या बहिणीनं धरमतरच्या खाडीवरून आणून दिलेले पिशवीभर शिंपले. तेवढ्यावर आमचं गणित चालतं. पोराच्या मुठीत वस्तू आली पाहिजे, तरच अंक डोक्यात जातो, असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही भांडायला तयार असते.

वाडीतली एक पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती. कडेवर तान्हा भाऊ घेऊनच यायची. करवंटीत चिंचोके टाकताना पाचापर्यंत नीट मोजायची आणि तिथेच थांबायची.

"पुढं काय गो?"

"हात सरला ना बाई."

"आणि दुसरा हात कोणाला देऊन आलीस?"

"त्याच्यावर हा हाय," असं म्हणून ती भावाला वर उचलून दाखवायची, आणि आम्ही दोघी हसायचो. मग मी तान्ह्याला मांडीवर घेऊन बसायचे, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे. असं करत करत गाडी सातापर्यंत आली. खाऊच्या वेळी ताटल्या तिच्याकडे द्यायचे. एका पोरापुढे एक ताटली ठेवायची, कमी पडली की परत येऊन मागायची. तिला ते फार आवडायचं. येत्या जूनमध्ये हिला पहिलीत बसवायचीच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. वाडीतल्या कितीतरी मुली अशा माझ्या हातून निसटल्या होत्या. ही निसटू नये, एवढंच मला हवं होतं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि दरवर्षीसारखी वाडी रिकामी व्हायला लागली. पेणच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर सगळे जातात. मी तिच्या आजीकडे गेले. म्हटलं, हिला तुमच्याजवळ ठेवा, दुपारचं जेवण माझ्याकडे.

"आन पोराला तिकडं कोन बघल, बाई?" आजी म्हणाली. "आयबाप चिखलात. ही नाय गेली तर तो रडून मरंल."

सकाळी टेम्पो आला. भांड्यांच्या गोणीवर ती भावाला घेऊन बसली होती आणि मजेत होती, पहिल्यांदाच एवढ्या लांब चालली होती ना. मला मात्र फार वाईट वाटलं. हिवाळाभर पेणच्या रामवाडीला बहिणीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून भट्ट्यांचा धूर दिसायचा. त्यातली तिची कुठली, ते मला कधी कळलं नाही.

पावसाच्या तोंडावर माणसं परतली. भाऊ आता चालत होता. ती उंच झाली होती, हातांची कातडी खरखरीत. त्या दिवशी नेमक्या आमच्या पर्यवेक्षिका आल्या होत्या. मी चिंचोके ओतले आणि तिला म्हटलं, मोज बघू, किती आठवतंय.

ती उकिडवी बसली. दोन्ही हात एकदम पुढे गेले. दोन चिंचोके उचलले, उलटे केले, ठेवले. "दोन." पुन्हा दोन. "चार." "सहा." "आठ." कुठे अडखळणं नाही, नजर वर नाही. सरळ रेषेत ओळ लागत गेली, चाळीसपर्यंत. पर्यवेक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. "बाई, काय तयार केलीत हो पोरगी!"

चिंचोका उलटा करून ठेवायचं कारण नसतं. कच्ची वीट एका अंगानं वाळली की उलटावी लागते, आणि भट्टीवर ते काम लहान पोरांकडे असतं. मी ते चिंचोके गोळा करून करवंटीत परत भरले.

संध्याकाळी तिच्या बापाला गाठलं. म्हटलं, शाळेत घालणार ना?

"व्हय, घालू की. दिवाळीपावत जाईल." मग कौतुकानं म्हणाला, "लय चपळ हात हाय तिचा. आता भट्टीवर तिच्याबिगर नाय भागायचं."

माणूस वाईट नव्हता. त्यामुळे भांडताही येईना.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गुरुजी वाडीत आले. पहिलीत जाणारी पोरं मी अंगणात ओळीनं उभी केली, ती शेवटाला, भाऊ तिच्या मागे. गुरुजींनी विचारलं, किती आहेत? मी मुद्दाम तिलाच सांगितलं, तू मोजून सांग.

ती पुढे झाली आणि दोन दोन डोक्यांना हात लावत गेली. दोन, चार, सहा, आठ. मग आपल्या जागेवर येऊन उभी राहिली.

"आठ हाय, बाई."

"आणि तू?"

तिनं शेजारी पाहिलं. "मी एकलीच उरली ना. जोडी नसली का भट्टीवरला शेठ मोजणीत धरत नाय."

"नऊ म्हण," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "नऊ म्हण आधी!"

ती घाबरली. आपल्या उभं राहण्यानंच काहीतरी चुकलंय असं तिला वाटलं असावं. भावाचा हात धरून ती ओळीतून बाजूला झाली.