तुटक रेघांची विहीर

इंद्रभान ट्रेसर भित्रा माणूस, असं आमच्या कचेरीत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! नकाशात जमिनीखाली काही असलं की तो तिथं तुटक रेघ मारायचाच, मग साहेब ओरडो की बढती अडो. दिसतं त्याची रेघ सलग आणि झाकलेलं असेल त्याची तुटक, हा या कामातला पहिला धडा. नकाशा फार गजबजला तर तुटक रेघा गाळायची मुभा असते. ती मुभा इंद्रभान घेत नसे. का, ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर मीच बसलो होतो. मी रऊफ. मंगरूळपीरला त्याच कचेरीत अमोनियाच्या वासानं डोळे चोळत नकाशांच्या प्रती काढायचं माझं काम.

दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्र्याहत्तरचा उन्हाळा. शेलूबाजारच्या रस्त्यावरून आत एका गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. गाव इंद्रभानचंच. तो रोजंदारीवरचा ट्रेसर, तेव्हा बायको बेबीताईही त्या कामावर माती वाहायची, आणि तान्ही पोर तिथंच तीन लाकडी बल्ल्यांना बांधलेल्या झोळीत निजायची. सगळ्याच बाया तसं करत. जिथं खोदकाम, तिथंच जवळ झोळ्या, म्हणजे पोर रडलं की ऐकू यावं.

या तलावाचा कच्चा नकाशा ओव्हरसिअरनं पेन्सिलीनं करून दिला होता. इंद्रभाननं तो शाईनं ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर उतरवला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी नाक मुरडलं. "नकाशा आहे की मुंग्यांचं वारूळ? जमिनीवरचं एका पानावर काढ, खालचं दुसऱ्या पानावर. काही स्वच्छ दिसू दे!"

इंद्रभाननं दोन पानं केली. पहिलं पान इतकं देखणं झालं की साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. मी प्रत काढली आणि ती कामावर गेली. दुसरं पान सहीवाचून राहिलं, कारण साहेब जीप घेऊन दौऱ्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकर खाताना इंद्रभान खुशीत होता. म्हणाला, "आजपासून मुकादमानं बायायले निंबाखाली मुरूम खोदाले लावलं. बरं झालं बाप्पा! पोरीच्या झोयीले साउली भेटली."

माझ्यासमोर ते दुसरं पान पडलं होतं. पानावर ना झाड, ना नाला. नुसता तुटक रेघांचा एक गोल आणि शेजारी लिहिलेलं, 'येथे खोदू नये'. मी सहज विचारलं, "हा गोल कायचा रे?"

"जुनी हीर हाये. म्या नाई पायली, आज्याच्या वक्ताले लाकडं टाकून झाकली, वरून माती लोटली."

"मग ही येते कुठं? यावरून तर काही कळत नाही."

त्यानं हात पुसले, पहिल्या पानाचं ट्रेसिंग काढलं, दोन्हींचे कोपरे जुळवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. मागून ऊन आलं. एका पानावरचा कडुनिंब आणि दुसऱ्या पानावरचा गोल एकमेकांना चिकटून उभे राहिले. विहीर निंबाच्या सावलीतच होती.

इंद्रभानच्या हातून दोन्ही पानं सुटली. "रऊफभाऊ," तो म्हणाला, "माही पोरगी."

कचेरीत फोन होता, पण तलावावर कुठला फोन! आम्ही सायकल काढली. मी कॅरिअरवर बसून उगाच ओझं वाढवतोय हे मला कळत होतं, पण त्याला एकट्याला सोडायला जीव होईना. झळा अंगावर येत होत्या. एकदा चेन पडली तेव्हा तो रस्त्यात बसून लहान मुलासारखा रडला, आणि रडत रडतच त्यानं ती चढवली. बाकी वाटभर एकच पुटपुटत होता, "लाकडं सडली असतीन. सडलीच असतीन." मी म्हणत होतो, "अरे, जुनं सागवान असेल." माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. खोटं कशाला सांगू?

तलाव दिसला. बाया निंबाखाली खोदत होत्या. मुरूम कमरेइतका खाली गेला होता, म्हणजे विहिरीवरचं झाकण तेवढंच पातळ झालं होतं.

"निंगा! बाहीर निंगा सगळ्या!" इंद्रभान सायकल टाकून ओरडत सुटला.

बेबीताईनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि टोपलं टाकलं. तिचं पाहून बाकीच्या बायाही भराभर वर आल्या. मुकादम रामधन मात्र तापला. खिशातून आमच्या प्रतीची घडी काढून त्यानं ती इंद्रभानच्या नाकापुढे नाचवली. "काहून काम बंद पाडून राह्यला? हीर कुठी हाये यात? साहेबाची सई हाये याच्यावर!"

आखणीसाठी आणलेल्या चुन्याच्या फक्कीत इंद्रभाननं हात घातला, निंबाच्या बुंध्यापासून अंदाज घेतला आणि जमिनीवर गोल टाकत गेला. तोही तुटक. इतक्या घाईतही त्याच्या हाताला सलग रेघ जमली नाही. गोल पुरा झाला. बाया सगळ्या बाहेर होत्या. त्याच्या पोरीची झोळी तेवढी गोलाच्या आत होती.

बेबीताई धावली. इंद्रभाननं तिला दंडाला धरून मागं ओढलं, स्वतः पालथा पडला आणि पोटावर सरकत आत गेला. मी कलमा पुटपुटत होतो, माझ्याशेजारी कामावरची चंपाबाई हात जोडून उभी होती. त्याच्या कोपराखालचा मुरूम खालून कुणीतरी ओढावा तसा झरत होता. त्यानं झोळीची एक गाठ सोडली, पोर फडक्यासकट छातीशी घेतली आणि तसाच मागं मागं आला. पोरगी झोपलेलीच होती.

"दिसली का हीर?" रामधन म्हणाला, आणि रागारागानं त्यानं हातातली पहार गोलात भिरकावली.

पहार गेली. आवाज यायला वेळ लागला. मग जमीन आत बसली आणि तिन्ही बल्ल्या तिच्यासोबत गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

मग बाया रडायला लागल्या. चंपाबाईनं इंद्रभानच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "देवासारका आला रे बाबा तू!" रामधन त्याच्या पायाशी बसला होता.

एकटी बेबीताई रडत नव्हती. खाली पडलेली प्रत तिनं उचलली, उलटसुलट करून पाहिली. वाचता येत नव्हतं तिला, पण निंबाचं झाड ओळखू आलं.

"हा नकाशा कोनं काढला?" तिनं विचारलं.

मी मधे पडणार होतो. साहेबांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण इंद्रभानच म्हणाला, "म्या."

"तुमाले हीर ठाऊक होती?"

"होती."

"मंग काहून नाई काढली?"

"नकाशा साफ दिसाले पायजे होता," तो म्हणाला.

बेबीताई पुढे आली आणि त्याच्या हातातून तिनं पोर काढून घेतली.