दहातले नऊ

व्हर्लिन स्टॅम्पर जुनी पिकअप घ्यायला गेला, की आधी पाठीवर सरपटत तिच्याखाली शिरायचा, हातातल्या बॅटरीच्या उजेडात गंज बघायचा आणि विकणाऱ्याला म्हणायचा, "खोड काय आहे ते सांग. गुण मी चालवून बघतो." अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला. त्याला कुणी टोपी घातली असं खोऱ्यात कधी ऐकू आलं नाही. आणि हा बहाद्दर फसला कुठे, तर जेवणाच्या टेबलावर, डोळे मिटून.

केंड्रा त्याची एकुलती एक पोर. खाणी बंद पडल्या तसा खोऱ्यातला दवाखानाही गेला, आणि डॉक्टर गाठायचा तर दोन डोंगर ओलांडायची पाळी आली. डॉक्टर व्हायचं आणि इथेच बसायचं, हे केंड्राने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे डॉक्टरकी म्हणजे आधी चार वर्षं साधं कॉलेज, आणि त्यातून तावूनसुलाखून निघालात तरच पुढे वैद्यकीय कॉलेजचं दार. त्यामुळे पहिलं कॉलेज चुकलं की सगळंच चुकलं. एवढी मोठी निवड बस चालवणाऱ्या बापाने आणि शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आईने करायची, तीही मे महिना उजाडायच्या आत. असली रीत ज्याने काढली त्याला पोटची पोर नसावी.

परवडतील अशी कॉलेजं दोनच होती. एक सरकारी विद्यापीठ, भलंमोठं. दुसरं चर्चचं, लहानसं, लाल विटांचं. पण त्यांनी केंड्राला शिष्यवृत्ती अशी घसघशीत दिली, की ते सरकारीपेक्षाही स्वस्त पडत होतं. प्रवेशाचं काम बघणाऱ्या व्हिटलोसाहेबांनी तिघांना जेवायलाच बोलावलं. ताटं आल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंचे हात हातात घेतले, मान खाली घातली आणि प्रार्थना म्हटली. अन्नाबद्दल आभार मानून झाल्यावर केंड्राचं नाव घेऊन म्हणाले, "देवा, या मुलीच्या हातून दुखणाइतांना उतार पडू दे." व्हर्लिनचे डोळे भरून आले. मग मटणाचा तुकडा कापता कापता साहेब म्हणाले, "आमची जी मुलं वैद्यकीयला अर्ज करतात ना, त्यातली दहातली नऊ आत जातात."

व्हर्लिनने नुसती मान हलवली. ज्याने तुमचा हात धरून तुमच्या पोरीसाठी देवाला साकडं घातलं, त्याची उलटतपासणी घ्यायची नाही, अशी आमच्या डोंगरातली रीत आहे. तसं करणाऱ्याला लोक हलकट समजतात.

परतताना गाडीत त्याची बायको रोवेना म्हणाली, "पिकअप घेताना चिखलात लोळतोस, आणि पोरीचं कॉलेज घेताना नुसतं आमेन?"

"अगं, देवमाणसाला काय बॉनेट उघडून दाखव म्हणू? त्या मोठ्या विद्यापीठात पोर गर्दीत हरवेल. हे स्वस्तही आहे आणि आपल्यातलंही आहे."

"तुझं काय गं?" रोवेनाने मागे वळून विचारलं.

"मला चालेल, आई," केंड्रा म्हणाली. बापाचा खुललेला चेहरा तिला आरशात दिसत होता.

पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राने तिला आडवं केलं. खोऱ्यातल्या शाळेत त्या विषयाला मास्तरच नव्हता. फुटबॉलचा प्रशिक्षक व्हिडिओ लावायचा आणि डुलक्या काढायचा. केंड्रा जेमतेम पास झाली. पुढे तिने जीव काढून अभ्यास केला, वर्गात पहिलीही आली. पण तिसऱ्या वर्षी वैद्यकीयच्या शिफारशी ठरवणाऱ्या समितीने तिला बोलावलं आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर बोट ठेवलं. "आम्ही तुझ्या पाठीशी उभं राहू शकत नाही. दुसरं काही सुचतंय का बघ." कॉलेजनेच शिफारस नाकारलेल्या पोरीला वैद्यकीयवाले दारातूनच परत लावतात. कॉलेज बदललं तरी ते गुण सावलीसारखे मागे येणार. तिच्याबरोबर डॉक्टर व्हायला आलेल्या साठेक पोरांतली दहा उरली होती. बाकीच्यांना अर्जच करू नका म्हणून सांगितलं होतं. त्या दहातली नऊ आत जाणार होती.

केंड्राने हे घरी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बस दुसऱ्याच्या हवाली करून व्हर्लिन तडक कॉलेजात गेला.

"साहेब, गाळलेल्या पन्नास पोरांचं काय?"

व्हिटलो खरोखरच हळहळले. "स्टॅम्परसाहेब, तुम्ही विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

माणूस एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. खोटं बोलला असता तर व्हर्लिनने त्याची गचांडी तरी धरली असती. तो केंड्राला गाडीत घालून घरी निघाला.

"बाबा, चूक माझी आहे रे," वाटेत केंड्रा म्हणाली. "मीच कमी पडले."

"गप्प बस," व्हर्लिन म्हणाला. त्याला सांगायचं होतं की कमी मी पडलो. पण तोंडातून तेवढंच निघालं.

घरी ओसरीवर शेजारची ऑडामावशी पाय खुर्चीवर टाकून बसली होती. साखरेचं दुखणं जुनं, त्यात टाचेची जखम चिघळलेली. केंड्रा येतेय हे रोवेनाकडून कळल्यावर, सुट्टीवर येत असेल असं समजून ती पाय दाखवायला आली होती. केंड्राने गुडघ्यावर बसून पट्टी सोडली आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा."

"मी नेतो तुला," व्हर्लिन म्हणाला.

"नको रे बाबा. तिथं गेलं की पायच कापतात मेले." मावशीने केंड्राच्या डोक्यावर हात ठेवला. "ही होतेच आहे की आता डॉक्टर. हिच्याच हातचं औषध घेईन. तोवर काढते कळ."

केंड्रा मान वर करेना. खोऱ्यात अजून कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"मावशी," व्हर्लिन म्हणाला, "ती डॉक्टर होणार नाही."

ऑडामावशी खो खो हसली. "चल मेल्या! चेष्टेला पण काही सुमार असतो."

मग व्हर्लिनला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि या खेपेला केंड्रा जखम तशीच उघडी टाकून घरात निघून गेली.