तिसऱ्या वर्षी उतरणारे तास

आमच्या शेजारचे कुझुमीसान ओकायामातल्या एका संशोधन संस्थेत आकड्यांचं काम करत. घरात तान्हं मूल आलं, म्हातारे अंथरुणाला खिळले, बायको नोकरीला लागली, तर पुरुषाचे कामाचे तास किती वाढतात, किती घटतात, याचं गणित. दरवर्षी त्याच घरांना तेच प्रश्न. बायकापोरं मागे ठेवून एकट्याने बदलीवर गेलेल्यांचा आलेख त्यांचा विशेष लाडका. दोन वर्षं तास चढतात, तिसऱ्या वर्षी आपसूक उतरतात.

त्यांचा मुलगा मासाफुमी असाच नागोयाला गेलेला. सून, नात इथेच. तिसरं वर्ष लागलं होतं.

त्याची आई तोमोए रोज संध्याकाळी त्याच्या जागेवर पान वाढून ठेवायची, परगावी गेलेल्या माणसासाठी जपानात ठेवतात तसं. सगळ्यांची जेवणं झाली की त्याच्या सूपच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं. आतून वाफेचे थेंब दिसले की माणूस सुखरूप.

एकदा मी घरची पर्सिमनची फळं द्यायला गेले होते. माझ्यादेखत तिने उकळतं सूप ओतलं. मग झाकण उचललं आणि ते हातात तसंच धरून राहिली. आतून ठणठणीत कोरडं.

“कालही असंच होतं हो,” ती मला म्हणाली.

“अगं, वाटी बदल,” कुझुमीसान हसले. “तास उतरायला लागलेत त्याचे. आलेखच सांगतोय.”

“मग त्या आलेखालाच सांगा, आईला एक फोन कर म्हणून.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांना राहवेना. तिसऱ्या वर्षी उत्तर देणारी माणसं त्यांनी वेगळी काढली. ती पहिल्यापासूनच कमी राबणारी होती. तास कुणाचेच उतरले नव्हते. जे सगळ्यांत जास्त राबत, त्यांनी तिसऱ्या वर्षी उत्तरच दिलं नव्हतं; त्यांच्या नावांपुढे नुसत्या रिकाम्या जागा.

त्यांनी मुलाला फोन लावला.

“हो बाबा. बरं आहे. आज लवकर सुटेन.”

“जेवलास का?”

“हो बाबा. बरं आहे. आज लवकर सुटेन.”

“अरे, मी काय विचारलं?”

पुन्हा तेच शब्द, त्याच सुरात.

ते तसेच स्टेशनवर गेले आणि नागोयाची गाडी पकडली.

मासाफुमी ऑफिसच्या दालनात खाली आला. शर्ट कडक इस्त्रीचा. बापासमोर तो कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं. “मी कुझुमी. आपली ओळख झाली, आनंद वाटला.”

कुझुमीसानांनीही दोन्ही हातांनी ते घेतलं, रीतीप्रमाणे वाचलं. हाक मारायचा धीर त्यांना झाला नाही. “मीही कुझुमीच. ओकायामाहून आलोय. तिकडे तातडीची पाहणी आहे, तुम्हाला आत्ताच यावं लागेल.”

“जी,” म्हणत तो मुकाट्याने मागे चालू लागला.

गाडीत तो बसल्या बसल्या झोपला. मान हलेना, पापणी हलेना. वाटेतलं कोबे मागे पडेपर्यंत कुझुमीसान त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मग त्याने डोळे उघडले.

“बाबा? तुम्ही कधी आलात?”