मोमीनभाऊंच्या फरश्या

मोमीनभाऊ पहिल्या दिवशी ऑफिसात आले ते खाली मान घालून. मला वाटलं, माणूस लाजाळू असेल. तसं नव्हतं. ते फरशी बघत होते. मी नुकतीच लादी पुसली होती, आणि हा पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस ओल्यातच उकिडवा बसला आणि वितीनं मोजायला लागला.

"उठा की भाऊ, मला पुसायचं हाय."

"दोन मिनिटं, मावशी. ओल्यात सांधे नीट दिसतात."

"मग काय, दिवसभर पाणी शिंपडत बसू तुमच्यासाठी?"

"बसलात तर उपकार होतील," ते म्हणाले, आणि हसलेसुद्धा नाहीत.

निगडीच्या त्या ऑफिसात घरांचे आणि कंपन्यांचे नकाशे बनत. मी झाडलोट करायची, चहा करायची. मोमीनभाऊ चिखलीहून बसनं यायचे. त्यांचं काम मला आधी खोटंच वाटलं. कॉम्प्युटरवर खोलीचा नकाशा असतो, त्यात फरशी भरायची. साध्या चौकोनी फरश्या कॉम्प्युटरकडे तयार असतात. पण गिऱ्हाईक कुठल्यातरी हॉटेलातल्या फरशीचा फोटो घेऊन यायचं. सहा कोनांची, नाहीतर माशाच्या काट्यासारखी. आम्हाला हीच पाहिजे, म्हणायचं. ती नक्षी कॉम्प्युटरला ठाऊक नसे. ती मोमीनभाऊ बनवायचे. तिला ते हॅच म्हणत.

त्यासाठी ते चित्र काढत नसत. वहीत आकडे लिहीत. रेघ कुठून निघते, किती तिरकी जाते, पुढची रेघ तिच्यापासून किती लांब. ते आकडे टाईप केले की अख्खी खोली आपोआप भरायची. "फरशीला शेवट नसतो मावशी, शेवट भिंतीला असतो," असं म्हणायचे. कुणी घाई केली तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "घाई असेल तर सतरंजी अंथरा." साहेबांनाही तेच ऐकवायचे, आणि साहेब ऐकून घ्यायचे.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एकदा मी चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. त्यांनी हात हलवला आणि कप लवंडला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी विचारलं, "भाऊ, दिसत न्हाई का तुमास्नी?"

त्यांनी आधी दाराकडे मान वळवली. मग हळू आवाजात सांगितलं. काचबिंदू होता. बाजूचं दिसणं गेलं होतं, मधलंही धुरकटत चाललं होतं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं राहिलीत मावशी. तेवढी निघू देत. साहेबांना कळलं तर मी घरी."

मी कुणाला सांगितलं नाही. उलट साहेब दुपारी साईटवर गेले की मी स्टूल ओढून मोमीनभाऊंच्या शेजारी बसायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे वाचता येतात. मी वहीतून वाचायची, ते टाईप करायचे. बोटांना सगळी बटणं पाठ होती. मग विचारायचे, "जवळ जुळली? आता लांबच्या टोकाला जाऊन बघा. चूक जवळ दिसत नाही." मी माऊसनं टोकाला जायची आणि रेघा जुळल्या का ते सांगायची. असं वर्षभर चाललं. एकही नकाशा परत आला नाही.

मग कुरुळीजवळच्या एका कंपनीच्या कँटीनचं काम आलं. लांबलचक हॉल, तिरक्या फरश्या, मधून लाल पट्टा. दोन ओळींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये होतं चारशे चोवीस दशांश दोन सहा चार. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते वर यायला लागलं. मी चारशे चोवीस दशांश म्हणाले, दोन गिळला, आणि सहा चार म्हणून उठले.

"टोकाला बघितलं का, मावशी?"

"बघितलं की," मी ओट्यापासून ओरडले. बघितलं नव्हतं.

दर ओळीला केसाएवढी चूक. साठाव्या ओळीला ती बोटभर झाली. नकाशाप्रमाणे कापून आणलेल्या लाल फरश्या दाराशी जुळेनात. साहेब साईटवरून आले आणि नकाशाची गुंडाळी टेबलावर आपटली. "मोमीन, काय हे? तुमच्या हातून?"

"माझी चूक, साहेब. उद्या नीट करून देतो."

साहेब खुर्चीत बसले. त्यांचा राग मोठा, पण टिकायचा नाही. "एवढ्या वर्षांत पहिलीच. जाऊ दे, होतं कधी. मावशी, दोन चहा आणा."

मी मुकाट चहा आणायला हवा होता. पण दुसऱ्याच्या गळ्यात आपली चूक घालून चहा करणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "साहेब, त्यांची न्हाई, माझी चूक हाय. आकडा मी चुकीचा वाचला."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही कशाला वाचत होता?"

मोमीनभाऊ घाईनं उठले आणि खुर्चीला अडखळले. टेबलाची कड चाचपून त्यांनी तोल सावरला. साहेबांनी ते पाहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. दार लावून घेतलं, सगळं विचारलं, आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "नकाशावर सही माझी असते, मोमीन. पुढे कशी करू, तुम्हीच सांगा." मोमीनभाऊंनी आकड्यांची वही साहेबांच्या हातात दिली आणि आपला डबा पिशवीत भरला.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निगडीच्या बस स्टँडवर गेले. "मला शिव्या घाला भाऊ."

"कशाबद्दल घालू? खरं बोललात म्हणून?" ते म्हणाले, "चूक माफ झाली होती हो, मावशी. चहा मागवला होता त्यांनी."

मग त्यांनी माझा दंड धरला. कुणाला कळू नये म्हणून हा माणूस वर्षभर भिंतीलाही हात न लावता चालला होता. आता भर गर्दीत धरला, आणि बस आली तरी सोडेना. पायरी कुठे आहे ते मी सांगितलं, तेव्हा सोडला आणि ते चढले. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे.

"आजी, यांच्यासोबत कोण हाय?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. त्यानं घंटी मारली.