ऐनाच्या झाडाखाली दोन फ्लॅश

दोन फ्लॅश होते आणि ठेवायचा होता एकच. गोंदियाच्या ज्या दुकानातून आमचा स्टुडिओ सामान घेतो, त्या दुकानदाराने ओळखीवर दोन्ही दिले आणि म्हणाला, "सोमवार तक देख लो, एक वापस कर देना." दोन वर्षं लग्नाचे अल्बम जुळवून मी किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायला लागणाऱ्या एका फ्लॅशपुरते पैसे साठवले होते. चुकीचा घेतला तर पुन्हा दोन वर्षं थांबायचं.

एक रिंग फ्लॅश. तो लेन्सच्या तोंडावर कड्यासारखा बसतो. दुसरा साधा, वायरने कॅमेऱ्यापासून बाजूला धरता येणारा. मी शाळा दहावीत सोडली. इंग्रजी माहिती शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो, त्यामुळे आठवडाभर वाचूनही ठरेना. शेवटी गोंदियाजवळच्या फुलचूरला, घरात बसून डाळिंबाच्या दाण्यांचे फोटो काढण्यापेक्षा खऱ्या किड्यासमोर दोन्ही वापरून बघावेत, असं ठरवलं.

आईच्या माहेरच्या गावचे देवाजीमामा अर्जुनी मोरगावच्या पुढे, जंगलाच्या कडेला कोसा पिकवतात. कोसा म्हणजे टसर रेशमाचे कोश. त्याच्या अळ्या घरात नाही, उघड्या जंगलात ऐनाच्या झाडांवर वाढतात. रविवारी सकाळी वडसा लाइनीची पॅसेंजर धरली. पावसाळा नुकताच संपला होता. धानावर धुकं इतकं खाली होतं, की गाडी शेतातून नाही, दुधातून चालली आहे असं वाटत होतं. मी बॅगेतले सेल तीनदा मोजले.

अर्जुनीला उतरल्यावर स्टेशनबाहेर चहा आणि आलूबोंडे मिळतात, तिथेच पोट भरून घ्या. पुढे काळीपिवळी जीप भरली की सुटते. मला पाऊण तास थांबावं लागलं. तीस रुपये. जीप फाट्यावर सोडते, तिथून पायवाट, साधारण तीन किलोमीटर. वाटेत एक तलाव लागतो. त्यात कमळं होती आणि पाण्यावर ढग इतके स्वच्छ उतरले होते, की मी थोडा वेळ उलटं जग बघत उभा राहिलो.

मामा झाडाखाली गुलेल घेऊन बसले होते. अळ्यांवर टपलेले पक्षी हाकलायला दिवसभर कुणीतरी लागतंच. मी पाया पडायला वाकलो तर ते मागेच सरले.

"काय लावलास गा आंगाले?"

"मच्छराची क्रीम, मामा."

"जा नाल्यावर. आंग धुऊन ये. त्या वासानं किडे पान सोडतेत."

मामी हसल्या. "नवरदेवावानी नटून आला पोट्टा! आमी पण बिना आंघोळीचं बनात जात नाई." मग ताट वाढताना त्यांनीच सांगितलं, की कोश बांधून होईपर्यंत घरात मासोळी शिजत नाही. "जात ढिवराची, तलाव दाराशी, अन् ताटात लाखोळीचं वरण. या किड्यांपायी!" वरण मात्र फार चांगलं होतं.

आंघोळ करून, अनवाणी आत गेलो. डोळे सरावले आणि झाड बदललं. जी पानं वाटत होती त्यातल्या कित्येक अळ्या होत्या, बोटाएवढ्या जाड, हिरव्या, कडेला चांदीचे ठिपके. सगळ्या खात होत्या. त्या खाण्याचा बारीक आवाज येत होता, दूर कुठेतरी रिमझिम लागल्यासारखा.

एक अळी अजिबात हलत नव्हती. मॅक्रो फोटो काढणाऱ्याला यापेक्षा काय हवं? रिंग लावला, जवळ गेलो, आणखी जवळ. रिंगचा उजेड दूरवर पोचत नाही, त्यामुळे वीतभराच्याही आत जावं लागतं. बटण दाबलं आणि त्याच क्षणी कड्याची कडा फांदीला लागली.

मामांचा हात लेन्सवर आला.

"काऊन धरलास त्याले?"

"हलत नव्हता म्हणून..."

"हालत नाई, कारण निजून हाय! कात टाकाची वेळ हाय त्याची. पाय धाग्यानं फांदीले बांधून निजते तो. धागा सुटला तं कात निघत नाई, अन् आतच मरते."

आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. अळीचे मागचे पाय फांदीला होते, पण एका बाजूने ती थोडी कललेली दिसत होती. आधीपासून की माझ्यामुळे, मला सांगता येईना. मी कॅमेरा बॅगेत ठेवायला लागलो.

"आता कायले ठेवून राहिला? एवढ्या दुरून आला," मामा म्हणाले. "पण आधी माह्या डोळ्यावर मार. दोन्ही."

रिंग मारला. मामांनी डोळे गच्च मिटले आणि बराच वेळ चोळले. दुसरा मारला, तेव्हाही मिटले. मग मामींनी जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा आणून दिला. मामांनी तो दुहेरी करून दुसऱ्या फ्लॅशसमोर ताणून धरला. मी मारला. या वेळी त्यांची पापणी जेमतेम लवली.

"हा चालन. ढगाआडून ऊन आल्यावानी हाय."

पुढचा तासभर मामा कापड धरून माझ्यासोबत फिरले आणि कोणता किडा जागा आहे ते सांगत गेले. मी हातभर दूर गुडघ्यावर बसायचो. फ्लॅश बाजूला असल्यामुळे लेन्ससमोरची जागा मोकळी राहायची. रिंगने त्या चांदीच्या ठिपक्यांत पांढरं कडं उमटवलं होतं. कापडातून आलेल्या उजेडात ठिपके खरोखर चांदीचे दिसले, अळीच्या केसांच्या टोकावरचे थेंबही. चारच फोटो काढले. तिथे घाई करावीशी वाटतच नाही.

संध्याकाळची गाडी. सोमवारी रिंग परत दिला. दुकानदाराने विचारलं, "खराबी क्या थी?" मी म्हणालो, "खराबी नहीं है, बहुत पास जाना पडता है." लग्नातल्या अंगठ्यांचे फोटो काढायचे असतील तर रिंग जरूर घ्या. जिवंत किड्यासाठी बाजूला धरता येणारा फ्लॅश आणि पांढरं सुती कापड घ्या. कोशाच्या बनात जायचं असेल तर आधी विचारा, वासाचं काही लावू नका, आणि न हलणारा किडा सोडून द्या.

तीन दिवस मी मामांना फोन केला नाही. चौथ्या दिवशी धीर करून केला.

"अरे हो, तो! त्यानं टाकली कात," मामा म्हणाले. "एक दिवस मांगं पडला बाकीच्याईच्या. आता पान खाऊन राहिला. कोसा लहान बांधन तो, पण बांधन."

मी नुसतं "हो मामा" म्हणालो.

खाली चार फोटो आहेत. काढले पाच होते. रिंगचा तो पहिला सगळ्यांत स्पष्ट आला आहे. त्यात फांदीला बांधलेला धागासुद्धा दिसतो, एका बाजूने सुटत आलेला. तो मी इथे टाकलेला नाही.